जुन्या कागदपत्रांतून तस्करीचे गलबत कसे ओळखावे

अठराव्या शतकातील इंग्लिश खाडीतल्या तस्करीचा अभ्यास करताना टोळ्यांच्या रंजक कथांपासून सुरुवात करू नये. आधी त्या काळचे कायदे वाचावेत, कारण जहाजाच्या ज्या गुणांवर सरकारने बंदी घातली, तेच गुण तस्करांच्या कामी येत होते. १७२० च्या दशकारंभी इंग्लंडमधील केंट, एसेक्स आणि ससेक्स या परगण्यांच्या किनाऱ्यावर चारपेक्षा अधिक वल्ह्यांच्या होड्या जप्तीस पात्र ठरल्या. वारा पडला किंवा विरुद्ध वाहू लागला, की अशा होड्या शिडाच्या गस्ती जहाजांना सहज मागे टाकत, हे त्यामागचे कारण.

त्यानंतर चित्रे पाहावीत. एकच डोलकाठी आणि नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, बरीच पुढे गेलेली आडवी काठी दिसली, तर ते कटर असते; दोन किंवा तीन डोलकाठ्यांवर तिरकी चौकोनी शिडे असली, तर लगर. मात्र केवळ आकारावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. जकात खातेही कटरच वापरत असे आणि पकडलेली चांगली गलबते स्वतःच्या सेवेत घेत असे. उरलेल्यांचे करवतीने तुकडे केले जात.

खरा पुरावा बहुधा मालाच्या यादीत सापडतो. ब्रँडीच्या छोट्या पिंपांबरोबर दोर आणि दगडांचा उल्लेख असेल, तर माल किनाऱ्याजवळ समुद्रात बुडवून ठेवून नंतर गळांनी वर काढण्याचा बेत होता, असे समजण्यास हरकत नाही. यादीत चहा प्रामुख्याने असेल, तर कागद १७८४ पूर्वीचा असण्याची शक्यता अधिक. त्या वर्षी ब्रिटनचे पंतप्रधान विल्यम पिट (धाकटे) यांच्या सरकारने चहावरील सरासरी ११९ टक्के कर १२.५ टक्क्यांवर आणला आणि चोरट्या चहातला नफाच संपला. मद्य आणि तंबाखूची तस्करी मात्र चालू राहिली. १८२२ मध्ये तटरक्षक दल स्थापन झाल्यानंतरच्या नोंदींत दुहेरी तळ आणि चोरकप्पे यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण कडक पहाऱ्यापुढे वेगापेक्षा लपवणूक अधिक उपयोगी पडत होती.

अधिकाऱ्यांच्या पत्रांतील आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: जप्त मालाच्या किमतीतला वाटा त्यांनाही मिळत असे.