मोठ्यांचा मोडी वर्ग: आठ आठवड्यांत घरचा कागद लागला पाहिजे

कोल्हापुरात मोडी शिकायला येणाऱ्याच्या पिशवीत बहुतेकदा घरचा एखादा कागद असतोच. जुना फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र. त्याला परीक्षा नको, तो कागद वाचायचाय. वर्ग त्या हिशेबानं आखावा.

पंधराच्या वर माणसं घेऊ नका, वह्या तपासून होत नाहीत. आठवड्याला दोन दिवस, दीड-दीड तास. वेळ सातची. सहाला ठेवलात तर डेअरीला दूध घालणारे गळतात. जुलै-ऑगस्ट सोडा, पंचगंगा चढली की पलीकडच्या गावांचे रस्ते बंद.

पहिले दोन आठवडे नुसती बाराखडी, तीही लिहून. हाताला वळण बसल्याशिवाय डोळ्याला अक्षर ओळखू येत नाही. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं, हात शक्यतो न उचलता. बोरू नसेल तर दोन मिलिमीटर तिरक्या टोकाचं पेन चालतं. बॉलपेननं जाड-बारीक येत नाही.

गाडी अडते तिसऱ्या आठवड्यात. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. इथंच लोक वर्ग सोडतात. म्हणून पुस्तकातले धडे बाजूला ठेवून खऱ्या कागदाची दीडपट मोठी झेरॉक्स द्या. आधी ठाऊक असलेलं हुडकायचं: ‘मौजे’च्या पुढं गाव, ‘बिन’च्या मागं मुलगा, पुढं बाप. सापडलेल्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं उभी रेघ मारायची. मधलं आपोआप सुटं होत जातं.

तारखेला एक अख्खा दिवस द्या. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: शुहूर सन 1161. शुहूर सन म्हणजे जुन्या मराठी कागदांतलं, अरबी आकडे-शब्दांत लिहिलेलं वर्ष. हे वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतं, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणजे 1161 अधिक 600, ताळा जमतो. फसली सनाला, म्हणजे महसुली वर्षाला, हेच आकडे 590 आणि 591. सन कुठला ते न बघता बेरीज केली की नऊ वर्षांची चूक ठरलेली.

मूळ कागद वर्गात फिरवायचा नाही, मोबाइलवर फोटो काढून ठेवून द्यायचा. घडीवर फाटला म्हणून सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पुन्हा निघत नाही.

शेवटचे दोन आठवडे ज्याचा त्याचा कागद. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यायचं, अंदाजानं भरायचं नाही. विशेषतः आडनावात आणि जमिनीच्या नंबरात.