सिकंदर भारी की वास्को द गामा? वाद घालायची पद्धत

पुण्यात अमृततुल्यवर चहा घेताना हा वाद एकदा पेटला की दुसरा कप येतोच, पण बहुतेक जण फक्त कोणी किती जमीन जिंकली एवढंच मोजतात आणि तिथेच गंडतात.

पहिलं म्हणजे माणूस गेल्यावर काय टिकलं ते बघा. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला आणि सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतलं, पण ग्रीक भाषा आणि नाणी पुढे कित्येक पिढ्या चालली. उलट गोवा गामाच्या मागून आलेल्या पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतला तो थेट १९६१ पर्यंत सोडला नाही.

मग ताट बघा, हे माझं आवडतं. उपासाची खिचडी घ्या, साबुदाणा ज्या कंदाचा तो, शेंगदाणे, मिरची, बटाटा सगळं मूळ अमेरिकेतलं, म्हणजे कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतरच इकडे आलेलं, आणि आपण ते एकादशीला सोवळ्यात खातो! (तूप-जिरं तेवढं आधीपासूनचं.)

पण किंमत कोणी मोजली हेही विचारा. अमेरिकेतले मूळ लोक देवी-गोवरनं लाखोंनी मेले. गामानं १५०२ मध्ये मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज जाळलं. त्याच्या आधी चीनचा दर्यावर्दी झेंग ह १४०५ पासून प्रचंड ताफा घेऊन कालिकतला येऊन गेला, वसाहत नाही केली, म्हणून त्याचं नाव कट्ट्यावर कोणी घेत नाही. मी तर त्यालाच जास्त मार्क देतो, भांडायचं तर या.