पळसाची फुलं आणि एक परात

फाल्गुन लागला की खानापूरच्या वाटेवर पळस केशरी होतो. लहानग्यांच्या खेळासाठी याहून चांगलं सामान बाजारात मिळणार नाही. झाडाखाली पडलेली दोन ओंजळी फुलं वेचून आणा, झटकून मुंग्या काढा आणि रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी पाणी पिवळसर केशरी झालेलं असतं. रंग गडद हवा असेल तर फुलं उकळा, मात्र पाणी पूर्ण निवल्यावरच मुलांना द्या.

अंगणात परात मांडा. त्यात चार बोटं पाणी, भिजलेली फुलं, एक वाटी आणि चहाची गाळणी. बास! मूल फुलं चुरगाळेल, गाळेल, ओतेल, पुन्हा भरेल. आपण ‘असं कर, तसं कर’ म्हणू नये. त्याच्या हातांना काय कळतंय ते त्यालाच शोधू द्यावं. कपडे जुनेच घाला, डाग राहतो.

पाण्याचा कंटाळा आला की आंब्याचा गळलेला मोहोर हुंगायला द्या, सावरीचं जाड, गुळगुळीत फूल गालावर फिरवू द्या.

तीन वर्षांखालच्या मुलांजवळ चिंचोके, वाल अजिबात ठेवू नका, ते घशात अडकतात. कण्हेर आणि धोतरा विषारी, त्यांची पानं-फुलं खेळात नकोत. आणि परातीपाशी मोठं माणूस सतत बसलेलं हवं. इतक्या कमी पाण्यातही तान्हं मूल बुडू शकतं. खेळ संपला की परात लगेच उपडी करा.