हिऱ्याचा आकार आधी कागदावर कापून बघा

साखरपुड्याच्या अंगठीचा हिरा फोटोत आवडतो, पण बोटावर वेगळाच दिसतो. पैसे मोजण्याआधी एवढं करा.

१. पांढऱ्या कागदातून खऱ्या मापाचे आकार कापा. १ कॅरटचा गोल हिरा साधारण ६.५ मिमी, तर चौकोनी प्रिन्सेस ५.५ मिमी भरतो. ओव्हल (लंबगोल), पेअर (थेंबाच्या आकाराचा) यांची लांबी-रुंदी विक्रेत्याकडून मिमीमध्येच मागून घ्या. कॅरट म्हणजे नुसतं वजन.

२. रोजच्या साध्या अंगठीवर एकेक तुकडा चिकटवून हात लांब धरा. लांबट आकारानं आखूड बोटं सडसडीत दिसतात, हा फरक खरंच डोळ्यात भरतो.

पेअर, मार्कीझ (दोन्ही टोकांना निमुळता) किंवा प्रिन्सेस घेणार असाल तर टोकं जपा, तिथेच टवका उडतो. प्रत्येक टोकावर धातूची पकड हवीच.