नागपूरच्या उन्हाळ्यात पातळ लॅपटॉप मंदावतो तेव्हा
नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तर अनेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरण्यासाठी बनवलेले असतात; त्यामुळे दुपारी पातळ लॅपटॉप रेंगाळू लागला, तर तो बिघडला असे समजून लगेच दुकान गाठू नये. अशा यंत्रात पंखा लहान असतो किंवा नसतोच, आणि आतील उष्णता वाढली की प्रोसेसर बचावासाठी आपला वेग आपणच कमी करतो. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर, मागची कड थोडी उंचावून ठेवावा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या खिडकीत, प्रोसेसर कोणत्या प्रोग्रॅमने अडवला आहे ते पाहावे. बहुधा ब्राउझरचे विसरलेले टॅबच सापडतात. कूलरच्या थेट झोतात मात्र तो ठेवू नये, कारण ती हवा गार असली तरी दमट असते.