जुनाट दाह आणि ऑक्सिडेटिव्ह ताण: या चुका टाळा

हृदयविकार, मधुमेह, स्मृतिभ्रंश अशा उतारवयातल्या आजारांत जुनाट दाहाचा, म्हणजे शरीरात दीर्घकाळ धुमसत राहणाऱ्या सुजेचा, हात असतो, हे आता बऱ्याच जणांच्या कानावर आलेलं आहे. काळजी वाटते ती पुढची. हे कळलं की माणूस आधी गोळी शोधतो.

सगळ्यात मोठी चूक हीच. फ्री रॅडिकल, म्हणजे शरीरात तयार होणारे अतिक्रियाशील रेणू, फार वाढले की पेशींना इजा करतात (हाच ऑक्सिडेटिव्ह ताण), मग त्यांना निष्प्रभ करणारी अँटिऑक्सिडंटची गोळी घेतली की झालं! १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने म्हातारपणाचा संबंध फ्री रॅडिकलशी जोडला, तेव्हापासून हा समज घट्ट होत गेला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तो तपासून पाहिला, तर बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. हा निकाल १९९४ चा, तरी गोळ्यांचा खप थांबलेला नाही, याचं वाईट वाटतं.

गोळीने फायदा का होत नाही? एक कारण असं, की फ्री रॅडिकल शरीराला लागतातही. पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात. व्यायाम करताना स्नायूंत ते तयार होतात आणि तो इशारा मिळाला की शरीर स्वतःचं संरक्षण वाढवतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार आठवडे व्यायाम करून घेतला. ज्यांनी सोबत रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट ई घेतलं, त्यांची इन्सुलिन संवेदनशीलता (साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर किती चांगला प्रतिसाद देतं ते) सुधारलीच नाही. घाम गाळला, फायदा मात्र गोळीने खाल्ला. (तपासणीत कमतरता निघाली म्हणून डॉक्टरांनी दिलेलं व्हिटॅमिन बंद करू नका. ती गोष्ट वेगळी.)

दुसरी चूक रिपोर्ट वाचताना होते. एचएस-सीआरपी ही दाह मोजणारी रक्ततपासणी. तिचा आकडा (मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये) १ च्या खाली असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, ३ च्या वर असेल तर जास्त मानतात. पण आकडा १० च्या पुढे गेला, तर आधी आठवा: गेल्या आठवड्यात ताप, सर्दी, दाढदुखी, काही लागलं होतं का? तसं असेल तर हा आकडा त्या दुखण्याचा असू शकतो. बरं वाटल्यावर, दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.

दाह कमी करायचा म्हणून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं मनाने रोज घेणं तर धोक्याचंच: पोटात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंड आणि हृदयावर ताण येतो.

त्यापेक्षा दाह येतो कुठून, ते बघा. पोटाच्या आतली चरबी स्वतःच दाहकारक रसायनं सोडते. धूम्रपान, अपुरी झोप हेही आहेच. आणि ज्याकडे हमखास दुर्लक्ष होतं त्या हिरड्या! सकाळी चूळ भरताना फेस गुलाबी दिसतो, आपण ब्रश बदलतो आणि विसरून जातो. असं वारंवार होत असेल तर दंतवैद्याकडे जा. मधुमेह असेल तर तेही तिथे सांगा. हिरड्यांवर नीट उपचार झाले की एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) देखील थोडं खाली येतं.