तीन जँगो ॲप्लिकेशनांमध्ये मॉडेलचा कोड एकच कसा ठेवावा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीसाठी मी स्टोअर, बिलिंग आणि पुरवठादार अशी तीन जँगो (पायथन भाषेतली वेब-चौकट) ॲप्लिकेशने सांभाळतो. तिन्ही एकाच पोस्टग्रेस डेटाबेसवर चालतात. मॉडेलची, म्हणजे टेबलांची रचना सांगणाऱ्या कोडची, फाइल तिन्हीकडे कॉपी करण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो मानू नये, कारण थोड्याच दिवसांत तिन्ही प्रतींची तोंडे तीन दिशांना होतात.

मॉडेल आणि मायग्रेशनचे (डेटाबेसच्या रचनेतील बदल लिहिलेल्या फाइलींचे) फोल्डर मिळून एक वेगळे जँगो ॲप, म्हणजे ॲप्लिकेशनला जोडायचा भाग, करावे आणि ते स्वतंत्र गिट रिपॉझिटरीतून पॅकेज म्हणून पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) बसवावे. ॲप लेबल (जँगोमधले ॲपचे छोटे नाव) पहिल्याच दिवशी पक्के करावे, कारण टेबलांची नावे त्यावरूनच पडतात. प्रत्येक ॲप्लिकेशनमध्ये पॅकेजचा नेमका टॅग (एका ठरावीक आवृत्तीची खूण) लिहावा, सतत बदलत राहणाऱ्या शाखेचे नाव नव्हे. बिलाचे नियम बिलिंगमध्येच राहू द्यावेत.

खरी गोची मायग्रेशनची आहे. एकदा घाईत मी मायग्रेशनशिवायच टॅग काढला आणि बिलिंगच्या सर्व्हरवर मेकमायग्रेशन्स (मॉडेलवरून मायग्रेशनची फाइल बनवणारी आज्ञा) चालवले. फाइल साइट-पॅकेजेसमध्ये (पिपने बसवलेल्या पॅकेजांच्या फोल्डरमध्ये) जाऊन पडली, मायग्रेट (ते बदल डेटाबेसवर करणारी आज्ञा) केल्यावर डेटाबेसमध्ये कॉलमही तयार झाला. मात्र पुढच्या डिप्लॉयला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (हे फोल्डर ज्यात असते ते) नव्याने बांधले गेले आणि ती फाइल नाहीशी झाली. पुढे पॅकेजमध्ये रीतसर बनवलेले मायग्रेशन, तो कॉलम आधीच आहे असे सांगून अडले, आणि ते फेक म्हणून, म्हणजे न चालवताच चालवल्यासारखे, नोंदवावे लागले. तेव्हापासून मेकमायग्रेशन्स केवळ पॅकेजच्या रिपॉझिटरीत आणि मायग्रेट केवळ स्टोअरमधून चालते. बाकी दोघांना टेबल बदलण्याचा डेटाबेस-अधिकारच मी ठेवलेला नाही.

एवढ्याने भागत नाही, कारण तिन्ही ॲप्लिकेशने एकाच क्षणी नव्या आवृत्तीवर कधीच जात नाहीत. नवा कॉलम सक्तीचा केला, तर मॉडेलमध्ये डीफॉल्ट देऊनही जुन्या कोडची नोंद अडकते. जँगो ते डीफॉल्ट मायग्रेशनपुरते वापरतो आणि डेटाबेसमधून काढून टाकतो. म्हणून कॉलमला नल (रिकामे मूल्य) चालू द्यावे, किंवा जँगो ५.० पासून मिळणारे, डेटाबेसमध्येच राहणारे डीबी-डीफॉल्ट वापरावे. कॉलम काढताना तर याहून जपावे लागते, कारण जँगो वाचतानाही प्रत्येक कॉलमचे नाव घेतो आणि जुन्या ॲप्लिकेशनची साधी यादीसुद्धा उघडत नाही. त्यामुळे एका आवृत्तीत आधी त्या कॉलमला नल चालेल असे करावे आणि सेपरेट-डेटाबेस-अँड-स्टेट (डेटाबेस आणि मॉडेलची नोंद वेगवेगळी बदलू देणारी मायग्रेशनची सोय) वापरून तो केवळ मॉडेलमधून काढावा. तिन्ही ॲप्लिकेशने त्या आवृत्तीवर आल्याची स्वतः खात्री करावी, आणि मगच पुढच्या आवृत्तीत तो डेटाबेसमधून काढावा. हा दुसरा टप्पा मी फाउंड्रीच्या साप्ताहिक सुट्टीलाच चालवतो, तोही बॅकअप घेतल्यावर.